काटा शून्यावर

सिंदी रेल्वे गावातल्या एका कापसाच्या जिनिंगमधला रूपराव वायरमन कुणाशी सरळ बोलला, असा दिवस उगवलाच नाही. एकोणऐंशी साली त्याने नागपुराहून काट्याचा मल्टिमीटर आणला आणि त्याचं तोंड आणखीच सुटलं. त्याच्याआधीपासून तिथे असलेला म्हातारा बंडूजी होल्डरमधल्या बल्बला दोन वायरी जोडून करंट तपासायचा. त्या बल्बला रूपराव 'देवघरातला दिवा' म्हणायचा, तेही बंडूजीला ऐकू जाईल असं. बंडूजी तरी कुठे गरीब गाय होता! मीटरला तो 'रूपरावची दुसरी बायको' म्हणायचा. सहा वर्षांत दोघांनी एका बाकावर बसून डबा खाल्ला नाही.

काम मात्र रूपराव चोख करायचा. बंद वायर तपासण्याआधी मीटर चालू जागी लावून काटा हलतो का ते बघायचं, हा त्याचा नेम. तो कधी चुकला नव्हता.

पंच्याऐंशीच्या खांडेनवमीला त्याने मीटर पूजेसाठी घरी नेला. बायकोने, यशोदाबाईने, विळ्याच्या धारेला लावतात तसं मीटरच्या दोन्ही वायरींच्या टोकांना कालवलेलं हळद-कुंकू लावलं. ते वाळून घट्ट बसलं. रूपरावाने टोकांकडे पाहिलंच नाही.

हंगामाच्या पहिल्याच सकाळी मोटर सुरू होईना. स्टार्टरमधली वायर जळाली होती. रूपरावाने मेन स्विच पाडला. पण मेनच्या आत एक पत्ती चिकटून राहिली होती आणि करंट चालूच होता, ते बाहेरून कुणाला दिसणार? मालक ताराचंद आणि सगळे हमाल भोवती जमले होते. बंडूजी पक्कड घेऊन पुढे आला आणि थबकला.

"पक्का बंद हाय का?"

एवढ्या लोकांत हा शंका घेतो! रूपरावाचं डोकं फिरलं. नेम विसरून त्याने मीटर तसाच लावला. काटा शून्यावर. सगळ्यांकडे बघत तो हसला.

"भेता काऊन, बंडूजी? लावा हात!"

बंडूजीने हात लावला नाही. आपल्या बल्बची एक वायर जळक्या टोकाला लावली, दुसरी स्टार्टरच्या लोखंडी डब्याला. बल्ब लख्ख पेटला.

"मारतच होता थो बुढ्याले," एक हमाल म्हणाला.

मालकाने रूपरावाला तिथूनच घरी पाठवलं. बंडूजी म्हणेल तरच परत यायचं, असं बजावलं.

घरी त्याने नखाने टोकं खरवडली, तर हळदीचे पोपडे निघाले. भिंतीतल्या प्लगला लावून पाहिलं. काटा दोनशे तीसवर. यशोदाबाईवर ओरडायलाही तो थांबला नाही. मीटर घेऊन तो बंडूजीच्या दारात गेला.

"मले माहीत नोतं, बंडूजी. देवाशपथ. हे पाहा, टोकाले हळद बसली होती."

बंडूजीने मीटरकडे पाहिलंही नाही.

"हळदीचं मानलं. पन 'लावा हात' म्हनतानी तू हासून राह्यला होता, थे मालकाले काय सांगू?"