कॉलरमधला चौकोन

छापील आज्ञा इतक्या शांतपणे धुडकावून लावणारी व्यक्ती मी उभ्या हयातीत एकच पाहिली, आणि दैवयोगाने ती माझ्या सुनेची आई निघाली. मी नियमांचा माणूस; दुधाच्या पिशवीवर छापलेल्या मजकुरातही नियमभंग दिसला की माझे पत्र गेलेच म्हणून समजावे. विहीणबाई नागपुरातच, सक्करदऱ्याला राहतात, मूळच्या हातमागवाल्या घरच्या, आणि लेकरांचे स्वेटर विणणे हे त्यांचे व्यसन. विणकामाच्या पुस्तकात जी लोकर सांगितली असेल ती सोडून जगातले कोणतेही सूत त्यांना चालते. एकदा तर लोकरीऐवजी निव्वळ सुती दोरा वापरला; धुऊन वाळत घातलेला स्वेटर संध्याकाळपर्यंत लोंबून झग्याएवढा झाला. मी पुस्तकातील सूचना त्यांच्या पुढ्यात ठेवली, तर म्हणाल्या, "राहू द्या भाऊ. पोट्टं वाढूनच राहिलं ना!"

पुढे आमची नात जन्मली. लोकर लागली की तिच्या मानेवर लाल चट्टे उठत, आणि त्यातच माझ्या मुलाची मिहानमधल्या कंपनीतून थेट बर्फाच्या मुलखात बदली झाली. ऊब तर हवी, लोकर तर सोसत नाही. पुस्तकात मात्र 'शुद्ध लोकरच वापरावी' असे ठळक अक्षरांत. पुस्तकाबाहेर जाऊ नये, असे मी निक्षून सांगितले. "त्या पुस्तकवालीनं आपल्या पोरीची मान पाह्यली काय?" विहीणबाईंनी विचारले. या प्रश्नाला उत्तर देणारे कलम मला आजवर सापडलेले नाही.

मग त्या निरनिराळी सुते एकत्र करून तळहाताएवढे चौकोन विणू लागल्या आणि एकेक चौकोन माझ्या कॉलरच्या आत टाचू लागल्या. माझ्याच का, म्हणून मी संतापलो.

"काहून म्हंजे? तुमच्यावाणी कुरकुऱ्या मानूस साऱ्या नागपुरात हाय काय दुसरा? लेकराले अर्ज लिवता येत नाही. तुमाले येते. लिवा!"

मी लिहिले. पहिला चौकोन घालून मी ग्राहक न्यायालयात गळक्या गिझरविरुद्ध बाजू मांडली. मान इतकी खाजवली की अध्यक्षबाईंनी मला बसवून पाणी पाजले. त्याविरुद्ध मी विहीणबाईंना सविस्तर निवेदन दिले. त्यांनी ते पूर्ण ऐकले, "हं" म्हटले आणि एक धागा बदलला. दुसरा चौकोन, दुसरे निवेदन, पुन्हा "हं", पुन्हा धागा. माझ्या तक्रारींवर इतकी तत्पर कारवाई करणारे कार्यालय मी पाहिलेले नाही.

मुले निघायला आठवडा उरला असताना संध्याकाळी त्यांचा फोन आला. "टोचलं काय?"

"काय टोचलं?" मी म्हणालो.

पलीकडे सुया खाली ठेवल्याचा आवाज आला. मग, "झालं! निंगालं पोरीचं स्वेटर!"

मी कॉलरमध्ये हात घातला. चौकोन सकाळपासून तिथेच होता. निघण्याच्या दिवशी नात तो स्वेटर घालून आईच्या खांद्यावर निवांत झोपली होती, आणि मानेवर एकही चट्टा नव्हता.

त्यानंतर दर हिवाळ्यात, वाढत्या नातीच्या नव्या स्वेटरआधी, मला नवा चौकोन येत असे. यंदा थंडी पडली तरी आला नाही, म्हणून धरमपेठेतल्या माझ्या घरून मी रीतसर विचारणापत्र पाठवले. उत्तर फोनवर आले. "आता तुमचं काम नाही, भाऊ. पोरगी बोलाले लागली. सोताच सांगते, आजी, टोचते म्हनून."

योग्यच आहे, ज्याची तक्रार त्यानेच मांडावी, हा न्याय मलाही मान्य आहे. तरी सकाळी सदरा चढवताना हात मानेमागे जातो, आणि तिथे तक्रार करण्यासारखे काहीच सापडत नाही.