हत्तीच्या कानातली काडी

हत्ती उभा राहिला, की उस्ताद पाठीमागे हात बांधून तीन पावलं मागे सरायचे आणि म्हणायचे, “राजा, पार्टीपर्यंत बसू नको रे बाबा.”

तुम्ही हसाल. आम्हीही हसायचो. ऐंशीच्या आसपासची गोष्ट. शरणपूर रोडवरच्या बेकरीत मी काउंटरवर आणि उस्ताद आत भट्टीपाशी. मूळचे मालेगावचे, विणकरांच्या घरातले. नाशकात तेव्हा केक म्हणजे गोल नाहीतर चौकोनी, वर दोन गुलाब. ह्यांचा हत्ती मात्र चार पायांवर उभा, सोंड वर! पायांत बांबूच्या कामट्या, पोटाखाली जाड पुठ्ठा, कानांत पेरभर काड्या.

“ताई, आत हड्डी नसली तर वरचं क्रीम काय करणार?”

केक ते कधी एकटा पाठवायचे नाहीत. रिक्षात मांडीवर घेऊन बसायचे, खड्डा आला की रिक्षावाल्याचा उद्धार. कापायच्या आधी एकेक काडी स्वतः ओढून काढायचे आणि मोठ्यांदा मोजायचे. “बारा घातल्या, बारा काढल्या. आता खा, बच्चेहो!”

त्या वर्षी ते विसरायला लागले होते. एकदा पावात मीठच नव्हतं. एकदा अख्खा ट्रे भट्टीत जळला. मालकांनी माझ्यादेखत सुनावलं, “उस्ताद, पुन्हा असं झालं तर घरी बसायचं.” मला फार वाईट वाटलं.

पुढच्याच आठवड्यात गंगापूर रोडला एका पाच वर्षांच्या मुलीचा वाढदिवस होता. बरोबर पेस्ट्रीचे खोके होते म्हणून मीही गेले. उस्ताद काड्या काढतायत, तेवढ्यात त्या कार्टीने एक कान तोडून तोंडात टाकलासुद्धा. काड्या भरल्या अकरा.

उस्तादांनी तिच्या तोंडात बोट घालून पाहिलं. मग दोन्ही हातांनी सगळा हत्ती कुस्करला. पोरं रडायला लागली.

“अहो, काय चाललंय हे?” तिची आई ओरडली.

“वहिनी, बारा घातल्या होत्या. खुदा कसम, बारा!”

शेजारच्या डॉक्टरांनी मुलीला तपासलं, काही नाही म्हणाले. उस्तादांना ते पटलं नाही.

मी एकटीच बेकरीत परत आले, तर उस्तादांच्या टेबलावर पुठ्ठ्याच्या कातरणांत ती काडी पडलेली. कोरडी, स्वच्छ. घातलीच नव्हती. बाहेर मालकांची स्कूटर थांबली. मी काडी उचलली आणि भट्टीत टाकली. म्हटलं, निदान नोकरी तरी वाचेल बिचाऱ्यांची.

नोकरी वाचली. पण उस्तादांनी पुन्हा हत्ती केला नाही. रोज सकाळी ते त्या मुलीच्या शाळेच्या फाटकासमोर उभे राहायचे. मग येऊन मला सांगायचे, “दिसली. बरी आहे.” मगच भट्टी पेटवायचे. आज सांगते, उद्या सांगते, असं मी रोज ठरवायचे. पण सांगायचं म्हणजे तोंडावर म्हणायचं, उस्ताद, तुम्ही घालायलाच विसरलात. माझ्या मेलीची जीभच उचलली नाही. दीड वर्ष उचलली नाही.

मग उस्ताद मालेगावला भावाकडे गेले, ते तिकडेच तापाने गेले. त्यांचे कपडे न्यायला त्यांची बायको बेकरीत आली. जाताना दारात थांबली.

“ताई, ताप चढला तेव्हा एकच विचारत होते, पोरगी शाळेत गेली का? आम्हाला तर पोरगी नाही. कोणाची हो?”

“ओळखीतली आहे,” मी म्हटलं. “गेली शाळेत.”