राखेतली पंगत

सेट धडधडून जळत होता आणि आमचा पंजाबी दिग्दर्शक खुर्चीत बसून बघत होता. त्याचे आधीचे दोन सिनेमे आपटले होते. हाही बुडाला असता तर त्याला पुन्हा कुणी दारात उभं केलं नसतं. मी त्याच्या सिनेमात गर्दीतली बाई होते.

आग विझल्यावर निर्माता म्हणाला, "पाजी, खेळ खलास. सामान बांधा."

"पहले सब खाना खायेंगे," तो म्हणाला. सगळ्यांना एका पंगतीत जेवू घातल्याशिवाय तो कधीच कॅमेरा लावत नसे.

"आज चुलीला सुट्टी द्या, निखारे आहेतच," माझ्यासोबतची शांता म्हणाली. तो खदाखदा हसला आणि त्यानं कॅमेरा आमच्या पंगतीवरच लावला.

त्याच्या सिनेमात रडारड नसायची. घर गेल्यावर माणूस भाकरी कशी मोडतो, एवढंच तो दाखवायचा. खरंही तसंच असतं. माझा नवरा गेला त्या संध्याकाळीही मी पीठ मळलं होतं.

ती पंगत घेऊनच त्यानं तो सिनेमा पुरा केला आणि तो तुफान चालला. राखेतली पंगत बघायला लोक पुन्हा पुन्हा यायचे. पुढं त्यानं हवे तसे सिनेमे काढले.

त्या आगीत कुणीही मेलं नाही. तो वाचला, निर्माता वाचला, शांता वाचली आणि मीही वाचले.