जऊळक्यावरून जाणारं इमान

स्टेशनवर नोकरी केली की किस्से आपोआप साचतात. गाडी लेट असली की माणसं बोलतात, आणि आमच्या जऊळक्याला गाडी लेटच असायची! पण मला जास्त आठवतात ते विमानांचे किस्से. लढाईचे दिवस, मी तिथं बुकिंग क्लार्क, आणि मुंबई-कलकत्ता विमानं आमच्या डोक्यावरून जायची.

*

पहिलं विमान आलं तेव्हा सारा प्लॅटफॉर्म शेडमध्ये पळाला. रुळांचे सांधे बदलणारे आमचे पॉइंट्समन रहीमचाचा तेवढे जागेवर उभे. हातात हिरवी झेंडी!

स्टेशनमास्तर ओरडले, "चाचा, हे काय करून राह्यले?"

"साहेब, इकडून जे जाते त्याले झेंडी दाखवा लागते!"

*

किन्हीराजा गावचे एक पाटील तिकिटाला आले होते. मास्तरांनी त्यांना ऐटीत सांगितलं, "कलकत्त्याला रेल्वेनं दोन दिवस लागतात, विमानाला अर्धा दिवस पुरतो."

पाटलांनी बोटांवर हिशेब केला. मग म्हणाले, "मंग मास्तर, उरलेला दीड दिवस कुठं जाते?"

मास्तर खो खो हसले. संध्याकाळी मात्र मला हळूच म्हणाले, "खरंच हो, कुठं जातो?"

*

कधी नुसताच आवाज यायचा. आभाळ रिकामं! एका बाजाराच्या दिवशी तसंच झालं. आम्ही सगळे वर बघत होतो, पण टांग्याचं घोडं बघत होतं रुळांकडे. आवाज खाली उतरला आणि रुळांवरून आमच्यासमोरून गेला. धूळ उडाली, दिसलं मात्र काहीच नाही.

गणपत हमाल म्हणाला, "गाडी गेली ना बाप्पा!"

"कोणती?" मास्तरांनी विचारलं.

त्या दिवशी कोणी हसलं नाही.

*

रहीमचाचांचा मुलगा युसूफ ब्रह्मदेशात, रंगूनला गोदीत फिटर होता. तिथं जपान्यांचे बॉम्ब पडले, आपली माणसं पायी परतू लागली, तेव्हापासून चाचा प्रत्येक शिकलेल्या उतारूला विचारत, "कलकत्त्याहून रंगून किती दूर?"

"विमानानं चार-पाच तास."

"अन् पायी?"

उतारू वळकटी उचलून गाडीकडं निघायचा.

पुढं ऐन उन्हाळ्यात, भर दुपारी, एक विमान वरून गेलं आणि प्लॅटफॉर्मवरून युसूफ चालत आला! आम्ही सगळ्यांनी पाहिला. चाचांनी त्याला मिठीच मारली.

"कैसा आया, बेटा?"

"हवाई जहाज से, अब्बा. देर ही नहीं लगी."

भूक लागली म्हणाला. चाचांच्या डब्यातल्या दोन्ही भाकरी त्यानं खाल्ल्या. पाणी मीच दिलं. आमच्याकडं महिनोन्‌महिने पावसाचा थेंब नव्हता, आणि त्याचे पाय गुडघ्यापर्यंत ओल्या चिखलानं भरलेले. पाय धुवायला म्हणून तो मागच्या विहिरीवर गेला, तो परत आलाच नाही. आम्ही विहिरीत गळ टाकला, शिवार पालथं घातलं. कुठंच नाही.

पावसाळ्यात आमच्याच भागातल्या अनसिंगचा एक शिंपी रंगूनहून चालत परतला. चाचांसमोर बसून रडला.

"चाचा, युसूफ माह्यासंगंच होता. उन्हाळ्यातच गेला, जंगलात, चिखलात. वरतून इमान चाललं होतं. म्हणे, त्यात असतो तं आज जेवाले घरी असतो. उपाशीच गेला हो पोरगा!"

चाचांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

"उपाशी नाई गेला," ते म्हणाले. "जेवला तो."