त्याची बदली आली

कुदळे सरांना स्टेजवर बसवणं कुणालाच जमत नसे. तळवड्यात विज्ञानकथा संमेलन होतं. फलकावर त्यांचं नाव सगळ्यांत मोठं, आणि ते मात्र मागच्या दाराशी, चहाच्या पिंपाशेजारी प्लॅस्टिकची खुर्ची ओढून बसलेले. "वर बसलं की मान्सं दिसत न्हाईत," म्हणाले. मूळचे मोशीचे. जन्मभर गिअरच्या कारखान्यात राबले आणि अवकाशात एकट्या पडलेल्या माणसांच्या कथा लिहिल्या. अवकाश सुचतं कसं, या प्रश्नाला त्यांचं ठरलेलं उत्तर होतं. "अवो, अवकाश म्हंजी थर्ड शिफ्ट. मशीन चालू, मानूस जागा, बोलाया कोन न्हाई."

मी त्यांचं पुस्तक घेऊन आले होते, पण सहीसाठी नाही. त्यातली एक कथा मंगळावरच्या पंपघरात एकट्यानं राहणाऱ्या माणसाची आहे. शेवटचं वाक्य, 'त्याची बदली आली.' माझा दादा चाकणला कंपनीत. त्याच्या लेखी बदली म्हणजे आपल्या जागी येणारा कामगार. "सुटला गं तो, घरी गेला," म्हणायचा. आमचे बाबा सरकारी नोकरीत. दर बदलीला माझी शाळा सुटली, मैत्रिणी सुटल्या. मी म्हणायचे, "घरी कुठला? आणखी लांबच्या ग्रहावर पाठवला त्याला." यावरून जेवताना भांडायचो, गाडीवर भांडायचो. "एकदा कुदळ्यांनाच विचारू," हे दादाचं पालुपद.

उन्हाळ्यात दादा कामावरच छातीत कळ येऊन गेला. तेव्हापासून मला काही म्हणजे काही वाटत नव्हतं. कामावर जात होते, डबा खात होते, लोक सांत्वनाला आले की मीच त्यांना चहा विचारत होते. संमेलनालाही तशीच आले. विचारायचं राहिलं होतं, म्हणून.

विचारलं. सरांनी कप खाली ठेवला.

"म्या लिव्हलं व्हतं, 'त्याचा बदली आला'. प्रूफवाल्यांना वाटलं, गड्याचं व्याकरन कच्चं हाय. त्यांनी केलं 'त्याची बदली आली'. येनारा मानूसच काढून टाकला, बगा."

"तुम्ही बोलला नाहीत?"

"तवा आपल्या बोलीची लाज वाटायची, ताई. गप ऱ्हायलो. पन गडी घरी गेला. शंभर टक्के." त्यांनी माझं पुस्तक मांडीवर घेतलं, ते पान काढलं आणि चूक दुरुस्त करायला खिशातलं पेन उघडलं.

दादा बरोबर होता. इतकी वर्षं बरोबर होता. मी पानावर हात ठेवला.

"राहू द्या, सर. माझा दादा तुमच्यासारखंच म्हणायचा. पण तो कामावरून घरी आलाच नाही."

 त्यांनी पेनाला टोपण लावून ते खिशात घातलं.

"मग छापलंय त्येच खरं," ते म्हणाले. "लांब कुटंतरी पाठवलाय त्याला."

आणि मला रडू फुटलं.