डबा कोणी हलवला?

विमा कचेरीच्या दावे विभागात बाईंना पाठीमागे सगळे 'पुरावाबाई' म्हणत. दुकान जळाल्याचा दावा आला की बाई आधी विचारायच्या, दुकान होतं का? बढतीसाठी संगणकाची पदविका लागेल असं फर्मान निघालं, तेव्हा बाकीच्यांनी कपाळाला हात लावला. बाई मात्र विविक्त गणिताच्या पेपरात चांगल्याच रमल्या. एखादी गोष्ट किती प्रकारे होऊ शकते, ती व्हायची शक्यता किती, आणि कोण कोणाशी जोडलेलं आहे, एवढाच तो विषय. संशयी माणसाला आणखी काय हवं?

संध्याकाळची आवराआवर झाली की त्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर गणितं सोडवायला बसत. बारा जणांतून चौघांची समिती किती प्रकारे निवडता येईल? चारशे पंच्याण्णव. पुस्तकामागचं उत्तर जुळलं तरी त्या तेच गणित दुसऱ्या रीतीने करून बघत.

"बरोबर आलं ना उत्तर?" सासूबाई विचारत.

"आलंय. म्हणूनच बघतेय."

सासूबाई चाकांच्या खुर्चीत होत्या. खुब्याचं हाड मोडून ऑपरेशन झालेलं. व्यायामासाठी दवाखान्यात नेत राहिलात तर उभ्या राहतील, नाहीतर विसरा, असं डॉक्टरीणबाईंनी तोंडावर सांगितलं होतं. अडचण होती ती इमारतीच्या अंगणाची. बाईंची गाडी फाटकापाशी उभी राही आणि फाटकापासून लिफ्टपर्यंत सगळ्या फरश्या उखडलेल्या. खुर्ची फरशीफरशीला अडे, आणि दर धक्क्याला सासूबाई कळवळत. शेवटी त्यांनी जाहीर करून टाकलं, "मला नाही उभं-बिभं राहायचं. बसल्या जागी बरी आहे मी." तेव्हापासून व्यायाम बंद होता.

लिफ्टच्या दाराशी गाडीपुरती एकच जागा होती. तिच्यावरून इतकी भांडणं झाली होती, की शेवटी वर्षातून एकदा चिठ्ठी काढायचं ठरलं. अठरा गाड्या, अठरा चिठ्ठ्या, त्यांतली एक काढायची. पहिल्या वर्षी ती जागा सर्वांत वरच्या मजल्यावरच्या दाताच्या डॉक्टरांना मिळाली. दुसऱ्या वर्षी त्यांनाच. यंदाही त्यांनाच.

बाईंनी पेन्सिलीला टोक काढलं. अठरा गुणिले अठरा गुणिले अठरा. पाच हजार आठशे बत्तीसांत एक! त्यांच्या अंगावर समाधानाचा काटा आला. पण त्या धड्यातच एक ताकीद होती. डॉक्टरच का? दुसरं कोणीही तीनदा आलं असतं तरी संशय आलाच असता की. म्हणजे अठराने भागायला हवं. तीनशे चोवीसांत एक. एका भागाकारात प्रकरण एवढं मिळमिळीत झालेलं बाईंना मुळीच आवडलं नाही.

मग त्यांनी कागदावर घराघराचा एकेक ठिपका काढला, आणि ज्यांचं एकमेकांशी सूत जमतं त्यांच्यात रेघ. सोसायटीच्या सेक्रेटरींपासून डॉक्टरांपर्यंत ठसठशीत रेघ निघाली, कारण सेक्रेटरींची कवळी डॉक्टरांनीच बसवली होती. पण रेघा ओढत गेल्यावर दिसलं की सेक्रेटरींना न जोडलेला ठिपकाच उरत नाही. एक रेघ बाईंच्या घराकडेही येत होती. सेक्रेटरींचे विम्याचे अर्ज त्याच भरून देत. ती रेघ त्यांनी जरा बारीक काढली.

रविवारी जिन्याखाली सभा भरली.

"पाच हजार आठशे बत्तीसांत एक," बाईंनी सुनावलं. तीनशे चोवीस हा आकडा त्यांच्या ओठांवर आला नाही.

"म्हणजे मी चोर?" सेक्रेटरी उसळले.

"मी आकडा सांगितला. चोर तुम्ही म्हणालात."

चिठ्ठी दरवर्षी इमारतीचा वायरमन काढायचा, कारण त्याच्याकडे गाडी नव्हती. बाई त्याच्याकडे वळल्या. "तू चिठ्ठी काढतोस कशी रे?"

"कशी म्हणजे? हात घालतो, काढतो."

"खालची की वरची?"

"वरची मिळत असताना खाली कशाला हात घालू, ताई?"

सेक्रेटरी घरांच्या क्रमाने चिठ्ठ्या लिहून उभट डब्यात टाकत. डॉक्टरांचं घर शेवटचं, म्हणून चिठ्ठी सगळ्यांत वर. तिन्ही वर्षं डबा कोणी हलवलाच नव्हता.

"हलवायचा असतो हे कधी सांगितलंत?" सेक्रेटरी म्हणाले.

लोक हसले. बाईंना फसवल्यासारखं झालं. एवढा संशय पोसला, आणि आतून निघाला नुसता आळस.

पुन्हा चिठ्ठी काढायचं ठरलं. डबा हलवायला सेक्रेटरी पुढे आले.

"तुम्ही नको," बाई म्हणाल्या.

डॉक्टरांनी हात पुढे केला.

"तुम्ही तर नकोच."

बाईंनी सभेवरून नजर फिरवली. विश्वासाचं एकही माणूस दिसेना. तेव्हा त्यांनी स्वतःच डब्यात हात घातला, चिठ्ठ्या ढवळल्या, झाकण लावून डबा उलटासुलटा केला आणि वायरमनपुढे धरला. त्याने चिठ्ठी काढली. बाईंच्या घराची निघाली.

डॉक्टरांनी अगदी मऊ आवाजात विचारलं, "वहिनी, याची शक्यता किती?"

"अठरांत एक."

"आणि जो डबा हलवेल त्यालाच जागा मिळायची?"

"तीसुद्धा अठरांत एक."

"वा! आमच्या वेळी पाच हजार, आणि तुमच्या वेळी अठरा!"

"तीनशे चोवीस," बाई पुटपुटल्या.

"काय?"

"तुमचा खरा आकडा तीनशे चोवीस होता."

सभेतली ही सर्वांत खरी गोष्ट. तिनेच बाईंचा निकाल लावला. आकडा फिरवणारी बाई डबा का फिरवणार नाही, हे आता प्रत्येकाच्या तोंडावर दिसत होतं. मागून कोणीतरी ओरडलं, "परत काढा!"

परत काढली तर जागा हातची जायची शक्यता अठरांत सतरा. हे गणित दुसऱ्या रीतीने करून बघावं असं बाईंना वाटलं नाही.

"नाही," त्या म्हणाल्या. "निघाली ती निघाली."

दुसऱ्या दिवशी सासूबाईंची खुर्ची लिफ्टमधून निघाली ती धक्का न बसता थेट गाडीपर्यंत गेली. सीटवर बसल्यावर त्यांनी सुनेच्या कानाशी तोंड नेलं. "तू डब्यात काही केलंस का गं?"

"नाही हो, आई. शपथ."

"मी कोणाला सांगायला जातेय होय?"

दवाखान्यात सासूबाईंनी भिंतीलगतची लोखंडी दांडी धरली आणि बऱ्याच कण्हण्यानंतर स्वतःला वर ओढलं. गुडघे थरथरत होते, पण मान ताठ होती. व्यायाम करून घेणाऱ्या मुलीला त्या म्हणाल्या, "सुनेने लिफ्टजवळची जागा मिळवली म्हणून आले बरं का. कशी मिळवली ते मात्र विचारू नकोस."

मुलीने बाईंकडे पाहिलं, आणि ती जरा जास्तच वेळ पाहत राहिली. सासूबाई अजून उभ्या होत्या. मध्येच बोलून त्यांचं लक्ष उडवायला नको, म्हणून बाई गप्प राहिल्या.