झाकणाच्या आतल्या नऊ रेघा

घड्याळजी भिंगकाकांचं डोकं सकाळपासूनच तापलेलं होतं, त्यात हा मुलगा आईला घेऊन दुकानात शिरला. "काका, आईच्या डोक्यातलं खूळ काढा. बाबांचं घड्याळ हल्ली हाताला हलकं लागतं म्हणे! सांगा तिला, अस्सल आहे."

आईने घड्याळ पुढे केलं. काकांनी डोळ्याला भिंग लावलं. तबकडी जुनी, काटेही त्याच घाटाचे. मग त्यांनी पाठचं झाकण उघडलं आणि त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

घड्याळ दुरुस्तीला आलं, की काका झाकणाच्या आतून सुईने एक बारीक रेघ ओढत. या मुलाच्या वडिलांनी ते नऊ वेळा आणलं होतं. हे झाकण आतून कोरं करकरीत होतं.

"माझ्या नऊ रेघा कुठे गेल्या?" काका कडाडले.

"झाकण बदललं असेल हो कुणी..."

"आणि आतलं यंत्र? तेही दुसरंच! जुन्याला काय पाय फुटले? बापाचं घड्याळ विकलंस आणि हे डबडं आईच्या गळ्यात मारलंस!"

काका आणखी झाडणार होते, पण आईने हात वर केला. तिने झाकण लावून घेतलं, लेकाचं मनगट ओढलं आणि पट्टा करकचून आवळला.

"हे ह्यांचं नाही, तुझं आहे," ती म्हणाली. "रोज घालायचं. आणि कुणी विचारलं, वडिलांचं का, तर खरं काय ते सांगायचं."